गाईंना विस्तव दिसावा म्हणून

केव्हन हेस्क या शेतावरचं घर उताराच्या धारेने उभं बांधलेलं होतं. वरच्या अंगाला माणसं, खालच्या अंगाला गाई आणि दोघांवर पाटीच्या दगडांचं एकच लांबलचक छप्पर. बांधणाऱ्याने शेणमूत आपोआप खाली वाहून जावं एवढा विचार केला होता, आणि आणखीही एक केला होता. मधल्या दगडी भिंतीत, गाईच्या तोंडाच्या उंचीवर, त्याने हातभर रुंद झरोका ठेवला होता. त्यातून गोठ्यातल्या गाईंना समोरच्या भिंतीतली चूल दिसे. विस्तव दिसला की गाय सुखाने पान्हा सोडते, असं टावीच्या खोऱ्यात जो तो म्हणे. इद्वलचा बाप टेग्विन नुसतं म्हणून थांबत नसे. जाळाच्या आड कोणी उभं राहिलं तर त्याला दंडाला धरून बाजूला करी.

"दूध पेंडीने येतं बाबा, विस्तवाने नाही," इद्वल म्हणायचा.

"पेंड तुलाही घालून पाहिली. काही उपयोग झाला नाही," म्हातारा म्हणायचा.

गाई विकल्या त्या वर्षी इद्वलने स्वतःच्या हातांनी झरोका बुजवला. गोठ्यात फरशी घातली, रंग दिला, रेडिएटर लावला. पुढे टेग्विनचे गुडघे गेले, जिना चढवेना, तेव्हा त्याची खाट तिथेच टाकली. सोय उत्तम होती, त्यात खोटं काही नव्हतं.

"गाईच्या जागी बांधलंस ते बांधलंस," टेग्विन म्हणाला, "पण त्यांना दिसायचं ते मलाही दिसू दे. दोन दगड काढ रे."

"धूर येईल तुमच्याकडे. थंडी सरली की बघू."

थंडी सरली, पुन्हा आली. संध्याकाळी म्हातारा काठीने भिंत ठोकायचा. इद्वल चुलीपुढे, भिंतीकडे पाठ करून बसलेला असे. "आलो, आलो," म्हणून तो रग्बीचा आवाज थोडा वाढवी. त्या हिवाळ्यात टेग्विन झोपेतच गेला. त्याचं तोंड भिंतीकडे होतं.

लोक म्हणाले, पोराने बापाचं छान केलं. इद्वलला ते ऐकवत नसे. दोन दगडांची तर गोष्ट होती, एवढंच त्याच्या मनात घोळत राही.

पुढच्या थंडीत डाग दिसला तो त्याच्या बायकोला, नेस्ताला. बुजवलेल्या जागी ताटलीएवढा चुना ओला झाला होता.

"तुझं गवंडीकाम," ती म्हणाली. "कोंबड्यांचं खुराडंसुद्धा तुझ्या हातचं गळतं."

इद्वलने छप्पर तपासलं, पन्हळ साफ केली. ओल वरून उतरते नाहीतर खालून चढते, आणि ही होती भिंतीच्या मधोमध. वरचे दगड कोरडे, खालचेही कोरडे. त्याने चुना खरवडून नवा लावला. दुसऱ्या दिवशी डाग परत तिथेच.

शिवाय तो एकसारखा राहत नव्हता. चूल चांगली पेटली की पसरे, निखारे राखेखाली झाकले की आक्रसे. एकदा मनुकांच्या पावाचं पीठ मळता मळता नेस्ताने त्यावर सहज बोट ओढलं. रेघ उमटली आणि ती पाहत असतानाच भरून गेली, थंड काचेवर कोणी श्वास सोडावा तशी.

ती मागे सरली. "कोमट आहे," म्हणाली. बराच वेळ हाताचं पीठ काढत राहिली. मग म्हणाली, "काढ ते दगड, इद्वल. बाबा मागत होते ना."

"आता काढून कोणाला दाखवू?"

"ते मला नको विचारू. तू काढ."

रविवारी दुपारी ती गाण्याच्या तालमीला चॅपेलमध्ये गेली, आणि इद्वलने छिन्नी घेतली. दगड सहज निघाले, जणू नुसते टेकून ठेवलेले. आतल्या बाजूने ते ऊन होते. त्याने ते भिंतीशी रचून ठेवले आणि झरोक्यातून पलीकडे डोकावलं. गार खोली, घडी घातलेलं कांबळं, खाट. जाळाचा तांबूस उजेड नेमका उशीवर पडला होता. त्याला रडू कोसळलं.

"दिसतंय का बाबा?" त्याने विचारलं.

कान देऊन थांबला. उत्तर कुठून येणार? मग निदान खाटेवरून खरंच दिसलं असतं का, एवढं तरी कळावं, म्हणून तो पलीकडे गेला आणि उशीवर डोकं टेकून आडवा झाला.

दिसत होतं. ओकच्या तुळईखाली सगळी चूल, मधले लाल निखारे, कडेला ठेवलेली किटली. इतकं साधं, आणि इतकं सुंदर, की तो बापाची मनोमन माफी मागत राहिला.

मग जाळाच्या आड कोणीतरी आलं.

चुलीपुढे कोणी पाठमोरं उभं होतं. राखाडी स्वेटर, कोपरावर निळ्या लोकरीचं ठिगळ. इद्वलने स्वतःचा कोपर चाचपला. ठिगळ तिथे होतं.

"कोण आहे?" त्याने विचारलं.

पाठ हलली नाही.

तो उठू गेला. गुडघे वाकेनात.

मुठीने त्याने भिंत ठोकली, मग पुन्हा ठोकली. तेव्हा तो माणूस वळला, सावकाश झरोक्याशी आला आणि आत डोकावला. चेहरा इद्वलचाच होता. डोळे रडून लाल झाले होते. त्याची नजर कांबळ्यावरून फिरली, उशीवर आली, आणि रिकाम्या उशीवर थांबावी तशी थांबली.

"दिसतंय का बाबा?" त्याने विचारलं.

"दिसतंय," इद्वल म्हणाला. मग होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडला, "दिसतंय रे, सगळं दिसतंय!"

तो माणूस कान देऊन थांबला. मग त्याने बाहीने डोळे पुसले, खाली वाकला आणि पहिला दगड उचलला.