ढब्बू सकाळीच का चिरडतो?

दुपारी ढब्बू स्ट्रॉबेरी अशी अलगद तोडायचा, की देठ तुटल्याचं फळालाही कळू नये. आणि सकाळी? सकाळी त्याच बोटांनी तिची पार चटणी! हे कोडं कस्तुरीला काही केल्या सुटेना.

महाबळेश्वरच्या पठारावर, सुलूआत्याच्या शेतात ढब्बू हा यंत्रमानव कामाला होता. त्याची रबरी बोटं हवेवर चालत आणि पोटात कॉम्प्रेसर (हवा दाबून टाकीत भरणारं यंत्र) घुमत असे.

"आज कंपनीची गाडी बोलावलीय," आत्या म्हणाली. "घेऊन जाऊ देत याला. मोडीत काढतील नाहीतर काय!"

कस्तुरीचा चेहरा उतरला. ती धावत आजोबांकडे गेली. ते निवृत्त शास्त्रज्ञ होते. थंडीत कानटोपी सावरत ते ढब्बूपुढे मांडी घालून बसले.

"काय रे, दुखतंय का कुठे?"

"मी यंत्र आहे, आजोबा. पण विचारलंत, बरं वाटलं."

टाकीवरचा काटा योग्य जागी होता. "म्हणजे कॉम्प्रेसर ठीक. मला वाटतं, रेग्युलेटर (दाब हवा तेवढाच ठेवणारा भाग) बिघडला असावा. कस्तुरी, गच्चीवरची टाकी भरली की पाणी कोण थांबवतं?"

"तरंगणारा चेंडू. तो वर येतो आणि नळ बंद होतो."

"इथे चेंडूऐवजी डायफ्रॅम (लवचीक पडदा) असतो. एका बाजूने त्याला स्प्रिंग रेटते, दुसरीकडून हवा. बोटांकडचा दाब कमी पडला की स्प्रिंग जिंकते, झडप उघडते. दाब पुरेसा झाला की हवा जिंकते, झडप मिटते. आता बोटांकडचा नळ बंद कर आणि काटा बघ."

नळ बंद होता, तरी बोटांकडच्या दाबाचा काटा हळूहळू चढतच राहिला.

"झडप मिटतच नाहीये! म्हणून बोटांत जास्त हवा भरते आणि ती करकचून आवळतात!" कस्तुरी ओरडली.

"शाब्बास! पण मग दुपारी कशी मिटते?" आजोबा डोकं खाजवू लागले. "हे मात्र मला कळत नाही बुवा."

टाकीतली सगळी हवा सोडून त्यांनी रेग्युलेटर उघडला. झडपेभोवती पांढरा, मेणासारखा थर होता. कस्तुरीने वास घेतला आणि ती लाजून लाल झाली.

"खोबरेल! रविवारी न्हाण्याआधी आई माझ्या डोक्याला तेल लावते ना, तेव्हा मी याच्याही नळीत दोन थेंब सोडते. थंडीत ते गोठलं!"

"आणि दुपारी उन्हाने पातळ झालं की झडप मोकळी!" आजोबा खळखळून हसले. "अगं, याला तेल चालत नाही. रबरही खराब होईल."

"ढब्बू, तू बोलला का नाहीस?" कस्तुरीने विचारलं.

"शेजारच्या शेतातल्या यंत्रमानवांना कुणीच तेल लावत नाही," ढब्बू म्हणाला. "मला मिरवायला आवडायचं."

दोघांनी भाग पुसून, कोरडा करून पुन्हा बसवला. या वेळी काटा हव्या त्या आकड्यावर जाऊन थांबला.

आजोबा उठू लागले, पण गुडघे आखडले होते. ढब्बूने हात पुढे केला. आजोबांनी क्षणभर विचार केला आणि तो धरला. पकड सैल नव्हती आणि बोचतही नव्हती. ते सहज उभे राहिले.

बांधावरून आत्या हे पाहत होती. तिने फोन काढला. "हॅलो, गाडी नका पाठवू. हो हो, आमचा ढब्बू इथेच राहतोय."

असे हात एक दिवस गावोगावच्या आजीआजोबांना आधार देतील, असं कस्तुरीच्या मनात आलं. आजोबांनी मात्र तो हात अजून सोडला नव्हता.