घासलेली घागर

बोअर कोरडं निघालं. मशीन लोहा गावाकडं गेलं, आणि मागं राहिले ते बसवंतसाहेब, नव्या लातूर जिल्ह्याच्या भूजल ऑफिसातले.

गुडघ्यावर बसून ते माती चाचपत होते. समोर घागर कडेवर घेतलेली नीलम्मा उभी.

"ओ, इथं बोअरमधल्या दगडाच्या भुकटीचे ढीग होते… ओळीनं, दर दहा फुटांचा एक. पाहिलेत का?"

नीलम्माचे कान तापले. मुरुडात भांडी धुवायला पाणी कुठलं? कोरडंच घासायचं. काल ती सगळी भुकटी तिनं डब्यात भरून नेली होती.

"काय… कामाची होती का?"

"लई कामाची! पृथ्वीच्या पोटात कुणी उतरलंय का आजवर? दगडातलं निकेल मोजायचं. पृथ्वी वितळलेली होती तेव्हा लोखंड खाली बुडालं. निकेलला त्याची ओढ, तेही मागोमाग गेलं. म्हणून वर कमी सापडतं." ते हसले. "जे इथं नाही, त्यावरून कळतं पोटात काय आहे."

तिनं पदराआडून पाहिलं, घागर तिथंच ठेवली आणि घरी पळाली. डबा आणून पुढं ठेवला.

"साऱ्या ढिगांची एकातच सरमिसळ केली म्या…"

तेवढ्यात जीप आली. मोठे साहेब उतरले. "नमुने?"

"वाऱ्यानं उडाले, सर," बसवंत म्हणाला.

तिला ते सोसवेना. "न्हाई साहेब! म्या नेले. भांडी घासली."

शेजारच्या पारावरची माणसं खो खो हसली. त्यांतल्या धोंडाबाईनं तर "आगं बया! धरणीमाय घासली की गं!" म्हणून कपाळावर हात मारला. नीलम्माला वाटलं, त्या कोरड्या बोअरमध्येच शिरावं.

मोठे साहेब म्हणाले, "मशीन परत बोलवतो. नवं भोक पाडा. तोवर बसवंत, इथंच मुक्काम."

जीप गेली. ती मान वर करेना.

"मला आधीच कळलं होतं," बसवंत हळूच म्हणाला. "साऱ्या गावाच्या घागरी राखेनं घासलेल्या. तुमच्याच घागरीवर दगडाचे ओरखडे."

"मग इचारलं कशाला, जणू म्हाईतच न्हाई?"

"थेट सांगितलं असतं तर… तुम्ही डबा देऊन निघून गेला असता."

"आन् खोटं बोललात ते? माझ्यापायी?"

तो आता स्वतःच लाजला. बुटाच्या टोकानं माती उकरत राहिला.

"ओढ म्हणालो ना मघाशी… ती काय फक्त निकेललाच असते?"

ती घागर कडेवर घेत, ओरखड्यांची बाजू पदरानं झाकत म्हणाली,

"आमच्यात पाणी घोटभरच, साहेब. बिनदुधाचा च्या हाय… पण कप बी त्याच भुकटीनं घासलाय."

"चालंल," तो म्हणाला, आणि मागोमाग निघाला.