दाराबाहेरचे जोडे

अंताक्या शहरात माणूस गेलं की त्याचे जोडे दाराबाहेर ठेवतात, टाचा घराकडे आणि तोंड रस्त्याकडे करून. कुणी गरजू येतो, उचलून नेतो, आणि मग घरच्यांनी काय ते रडून मोकळं व्हायचं. मेलाहतच्या आईचे जोडे मात्र अजून बाहेर आलेच नव्हते. भूकंपात तडकलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर ते अडकून पडले होते.

आई गेली तेव्हा भूकंपात डोक्याला मार लागून मेलाहत लांब अदानाच्या इस्पितळात बेशुद्ध होती. सगळ्यांनी तिला मेलेलंच धरलं होतं. शेजारणीने मदत-छावणीच्या तंबूत आईलाही तेच सांगितलं, आणि त्या दुःखातच म्हातारीने प्राण सोडला. ही गोष्ट मेलाहतला आतून कुरतडत होती. आता राहायला पत्र्याची खोली मिळाली होती. तिच्या दाराबाहेर निदान जोडे तरी आपल्या हाताने ठेवावेत, एवढंच तिला हवं होतं. त्यामुळे रहिवाशांना सामान काढायला घरात सोडताहेत असं कळलं, तशी ती सकाळीच येऊन उभी राहिली.

सोबत अग्निशमन दलाचा याकूप होता. जिना शाबूत होता, भिंती जागोजाग फाटल्या होत्या.

"ताई, फ्रीज-बीज उतरवायचा बेत असेल तर आत्ताच सांगा. माझी कंबर काही सरकारने दिलेली नाही."

"जोडे घ्यायचेत रे. आईचे."

तो पुढे होऊन जिना चढू लागला.

दारापाशी मेलाहत सवयीने वाकली आणि पायातले जोडे काढू लागली.

"अहो ताई, आत काचाच काचा आहेत. घालूनच चला."

"आई ओरडेल," ती बोलून गेली, आणि जोडे पुन्हा पायात सरकवले.

आत सगळीकडे मातीचा थर होता, तरी घर आपलंच वाटत होतं. बाल्कनीत वाळत घातलेल्या वांग्यांच्या माळा तशाच लोंबत होत्या. इथेच आई परातीत लाल मिरचीचा ठेचा उन्हाला ठेवायची आणि मेलाहत तो चोरून पावाला लावायची. "पोट जळलं की माझ्याकडे येऊ नकोस," आई म्हणायची, आणि मग स्वतःच ताक घुसळून द्यायची. असं रागावणारं माणूस आता कुठून आणायचं?

मग तिला वास आला. लोण्यात पीठ खरपूस भाजल्याचा. मयताच्या घरी हलवा करतात तेव्हा येतो तो.

"खाली कुणीतरी चूल पेटवली असेल," याकूप म्हणाला.

"खाली कोण राहतंय आता?"

ती स्वयंपाकघराकडे वळली तसा याकूपने तिचा दंड धरला. "तिकडे नाही. छत लटकतंय."

दाराजवळच्या कपाटात आईचे काळे जोडे होते, टाचा एका बाजूने झिजलेल्या. मेलाहतने ते छातीशी धरले. शेजारची जागा रिकामी होती. तिथे तिचे तपकिरी जोडे असायचे. त्या धावपळीत हरवले असतील, असं म्हणून ती बाहेर पडली. याकूपने मागून दार ओढून घेतलं.

बाहेर तिचे तपकिरी जोडे होते.

पुसलेले. टाचा घराकडे, तोंड जिन्याकडे.

"हे कुणाचे?" याकूपचा आवाज खाली गेला. "चढताना तर नव्हते."

"माझे."

बंद दारामागे कढईत लाकडी चमचा फिरत होता. सावकाश, पीठ तळाला लागू नये म्हणून.

मेलाहतला कळलं, आत आई तिच्याच मयताचा हलवा भाजत होती. तिने दाराला तोंड लावलं.

"आई, मी आहे गं. मी मेले नाही. उघड ना."

चमचा थांबला.

पावलं दारापर्यंत आली. मग आईचा आवाज, कापरा, हलका. अंधाराला, भुताखेतांना भ्यायली की ती पुटपुटायची, तीच प्रार्थना.

आणि आतून कडी लागली.