बिनसाखरेची कॉफी

सव्वानऊला स्फोट झाला. साडेनऊला जमील ड्रायव्हरची एक चप्पल तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत सापडली. उरलेला जमील एका चादरीत मावला.

आणि पावणेदहाला, बैरूतमधल्या डॉक्टर नईम यांच्या दिवाणखान्यात, त्याच जमीलला गद्दार ठरवूनही झालं!

"बॉम्ब त्यानंच आणला," डॉक्टरांचा धाकटा भाऊ वदीह म्हणाला. "दादाच्या गाडीत ठेवताना हातात फुटला. दादा फोनवर अडकला म्हणून वाचला."

यादवीचं दहावं वर्ष. डॉक्टर दोन्ही बाजूंच्या जखमींना टाके घालत, म्हणून दोन्ही बाजूंना नकोसे होते.

तपासाला आलेल्या पोलीस कॅप्टन सरकीसनं वहीत जमीलचं नाव घातलं आणि पुढे 'गद्दार' लिहायला पेन टेकवलं. दाराशी जमीलची पंधरा वर्षांची मुलगी रुला त्या पेनकडेच बघत होती. एकदा लिहिलं की संपलं. गद्दाराच्या प्रेतामागे गल्लीतलं कुत्रंही चालणार नाही.

"घ्या कॅप्टन." वदीहनं भल्यामोठ्या पितळी किटलीतून कॉफी ओतली. "तूही घे, पोरी. रडून घसा सुकला असेल."

रुलानं घोट घेतला. कडूजहर. बिनसाखरेची, मयताच्या घरी येणाऱ्यांना पाजतात ती.

तिचं रडणं थांबलं.

"वदीहकाका, ही कुणी केली?"

"मीच. बाप गेलाय तुझा, गोड पाजू का?"

"कधी केली?"

"आत्ता. स्फोटानंतर."

"ही दोन तास उकळावी लागते. आजी गेली तेव्हा मीच ढवळत होते. स्फोटाला तर अर्धाच तास झालाय."

वदीह हसला. "मग सकाळी ठेवली असेल."

"सकाळी कोण मेलं होतं?"

कॅप्टननं ओठांपर्यंत नेलेला कप खाली ठेवला.

"शंभर माणसांची किटली ड्रायव्हरसाठी कोण चढवतं?" रुलाचा आवाज चढला. "ही डॉक्टरांची होती! मयताच्या घरी कॉफी तयार नसली तर घराण्याची अब्रू जाते, म्हणून तुम्ही सातलाच आधण ठेवलंत. पण डॉक्टर फोनवर राहिले आणि गाडी सुरू करायला बाबा गेले. किटली उतरवायचं मात्र तुम्हाला सुचलं नाही."

डॉक्टर कसेबसे म्हणाले, "वदीह?"

"ज्यानं माझ्या पोराला, एलीला मारलं, त्याला तू जगवलंस, दादा. या हातांनी. बावीस टाके घालून."

कॅप्टननं जमीलच्या नावाचं पान फाडलं आणि बेड्या काढल्या.

"थांबा." रुलानं कप काठोकाठ भरून वदीहच्या हातात दिला.

"प्या, काका. आता मेलंय ना कुणीतरी."