डी ड्राइव्हची हरवलेली पट्टी

"माफीनाम्यावर मी सही करणार न्हाई. नोकरी गेली तरी चालंल."

रेणू खुर्चीत टेकायच्या आधीच बोलली. जालन्यात खासगी तपासाचं काम करणाऱ्या वर्षाराणीनं पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला. शेजारी वर्षाराणीचे सहकारी, निवृत्त हवालदार परमेश्वर, वही उघडून बसले होते.

रेणू धावडा गावच्या मेंढपाळाची लेक. एमआयडीसीतल्या एका बियाणे कारखान्यात ती उगवण तपासायची. ट्रेमध्ये शंभर दाणे ठेवायचे, किती उगवले ते मोजायचे, फोटो कॉम्प्युटरवर टाकायचे. सोयाबीनच्या सतरा नंबर लॉटमध्ये शंभरातले अडतीसच दाणे उगवले, म्हणून तिनं तो नापास केला. तरी त्याच्या पिशव्या मंठ्याच्या दुकानांत पोचल्या. तिथल्या शेतकरी नंदाबाईंनी पेरणीआधी घरीच ओल्या पोत्यात दाणे ठेवून पाहिले, निम्मेही उगवेनात तशी कारखान्यात तक्रार केली.

"आता मॅनेजर भागवत साहेब म्हणतात, लॉट तूच पास केला अन् फोटोबी तूच उडवले. निकाल मी तोंडी सांगायची, कागद ते बनवायचे. माझ्याकडं पुरावा म्हंजे फक्त फोटो व्हते."

"शेवटचे कधी पाहिलेस?"

"शनिवारी दुपारी. तक्रार आली म्हणून सतरा नंबरचा मोठा व्हिडिओ डी ड्राइव्हवर टाकला, जेमतेम मावला. ड्राइव्हच्या नावाखाली जागा दाखवणारी पट्टी असते ना, ती तोवर निळी व्हती. व्हिडिओ टाकला अन् लाल झाली. जागा संपत आली की लाल होते ती. मंग कुलूप लावून मी गावाकडं गेल्ते. सोमवारी बघते तर सगळ्या फोटोंचा फोल्डर न्हाई. रिसायकल बिन रिकामं. अन् पट्टीच गायब, नुसतं ड्राइव्हचं नाव."

"लाल झाली, हे कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच न्हाई. लॅबमध्ये मी एकटीच व्हते."

"दुसरी किल्ली?"

"ऑफिसात खिळ्याला. कुणीबी घेईल."

कारखान्याचे मालक रामराव यांनी तपासाला एक तास दिला. त्याहून जास्त त्यांना परवडणार नव्हतं. आठवड्याभरात पेरण्या होत्या.

लॅबमध्ये परमेश्वरांनी खोलीचे चार फोटो काढले आणि मोबाइलमधून डी ड्राइव्हवर टाकायला गेले. पडद्यावर संदेश आला: पुरेशी जागा नाही.

"मशीनच बिघडलंय ताई," ते वहीत लिहिता लिहिता म्हणाले. "जागाबी दाखवत न्हाई अन् फोटोबी घेत न्हाई."

वर्षाराणीनं पडद्यावरचा संदेश पुन्हा वाचला. तिनं कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या सुग्रीवला बोलावलं.

"मागच्या महिन्यात आल्तो तवा सगळं बराबर व्हतं," सुग्रीव म्हणाला. "पट्टी निळी, जागा भरपूर. आता दिसत न्हाई म्हंजे डिस्क गेली असंल."

गोदाम सांभाळणारे अप्पाराव दारातच उभे राहिले. "ऑफिसातून छापील चिठ्ठी आली, माल ट्रकवर चढवला. ह्या डब्याला मी हात लावत न्हाई. कोणतं बटण कशाचं, मला कळत न्हाई."

भागवत सर्वांत शेवटी आले. घड्याळ बघतच बसले.

"मी दिवाळीपासून ह्या कॉम्प्युटरपुढं बसलेलो नाही. पोरगी निष्काळजी आहे हो. पट्टी लाल झाली, जागा करायला गेली अन् सगळे फोटो उडवून बसली."

"म्हणजे कायमचे गेले?"

"बिलकुल."

वर्षाराणीनं सगळ्यांना लॅबमध्ये जमवलं. रामराव खुर्चीत, बाकीचे उभे.

"परमेश्वरकाका, भरलेल्या कणगीतून निम्मं धान्य काढलं तर?"

"जागा होईल."

"इथून हजारो फोटो अन् तो मोठा व्हिडिओ उडालाय म्हणतात. मंग तुमचे चार फोटो का मावले न्हाईत?"

परमेश्वर वहीकडे बघत राहिले. "म्हंजे... काही उडालंच न्हाई."

"न्हाई. नुसतं लपवलंय. अन् लपवणाऱ्याला एक अडचण आली. फोल्डर दिसत न्हाई अन् पट्टी मात्र लाल, हे बघून रेणूला लगेच कळलं असतं. म्हणून त्यानं ड्राइव्ह दाखवायची पद्धतच बदलली. नावं तेवढी राहिली, पट्टी गेली."

तिनं माउस फिरवला, मेनूतला एक पर्याय बदलला. डी ड्राइव्हखाली लालभडक पट्टी उमटली. मग तिनं लपवलेल्या फाइल्स दाखवायचा पर्याय निवडला आणि फिकट रंगाचा एक फोल्डर वर आला. आत सतरा नंबरचा ट्रे होता. अडतीस कोंब.

"हे कुणीही करू शकतं," भागवत म्हणाले.

"करू शकतं. पण पट्टी लाल झाली शनिवारी दुपारी, आणि लगेच रेणूनं कुलूप लावलं. तिनं ते आमच्याशिवाय कुणाला सांगितलं न्हाई. सोमवारी पट्टी दिसतच नव्हती. सुग्रीवनं पाहिली ती निळी. अप्पारावांना पट्टी ठाऊकच न्हाई. दिवाळीपासून इथं न बसलेल्या माणसाला ती लाल कुठं दिसली, साहेब?"

भागवतांची नजर घड्याळावरून हटली.

"पण उडवूनच का न्हाई टाकलं?" परमेश्वरांनी विचारलं.

"एकटा सतरा नंबर उडाला असता तर शंका सतरा नंबरवरच आली असती. सगळंच गेलं की दोष पोरीचा. अन् बाकी लॉट पास असल्याचा पुरावा म्हणून ते फोटो भागवत साहेबांनाच लागणार होते. रेणूची नोकरी गेल्यावर फोल्डर 'सापडला' असता, सतरा नंबर सोडून."

रामराव खुर्चीतून उठले. मग म्हणाले, "भागवत, तुम्ही घरी जा. रेणू, झालं ते झालं. उद्यापासून कामावर ये. बाहेर बोभाटा नको."

"उद्याचं उद्या बघू," रेणू म्हणाली. "आधी मंठ्याला फोन लावा. आत्ता, माझ्यासमोर. विकलेल्या पिशव्या परत मागवा, उरलेल्या थांबवा."

"कंपनीचं नाव जाईल, पोरी."

"नाव तुमचं जाईल. शेतकऱ्यांचं वावर पडीक राहील. फोन लावा, न्हाईतर हा व्हिडिओ घेऊन मी मंठ्याच्या बाजारात उभी राहते."

रामरावांनी वर्षाराणीकडे पाहिलं. तिनं नजर वळवली नाही. त्यांनी मोबाइल काढला, नंबर लावला, स्पीकर चालू केला.

पलीकडून दुकानदाराचा आवाज आला. रामराव घसा खाकरत राहिले, तेव्हा रेणू पुढे झाली.

"लिहून घ्या दादा," ती म्हणाली. "लॉट नंबर मी सांगते."