वरची तीन बोटं

स्मिताबाई खुर्चीवर टेकल्याही नाहीत. दोन उत्तरपत्रिका टेबलावर ठेवत म्हणाल्या, "अण्णा, यातलं कोणी कोणाचं पाहिलं ते आजच शोधा. उद्या गणित मंडळातून दोघांचीही नावं कापणार आहेत."

भगवंतराव गणिताचे निवृत्त शिक्षक. आता खासगी तपास करीत. त्यांचे जोडीदार कृष्णाजी वाकून वाचू लागले. सातवीचा पेपर. मोळ म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतचा हात, तो पंचेचाळीस सेंटिमीटर धरला, तर नऊ मीटर माळेचे किती मोळ विकता येतील? वर्गाचं उत्तर वीस. हर्षिता आणि तिचा मावसभाऊ चंदन यांचं मात्र अठरा. पायरी एकही नाही.

"बसतात एकाच बाकावर," बाई म्हणाल्या. "आणि हर्षिता माझ्या वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी हो."

शाळेकडे जाताना भगवंतरावांनी शिवाजीनगरात दोन मोळ शेवंती घेतली. फुलवालीने प्रत्येक मोळावर तीन बोटं जास्त धरली, मगच दोरा तोडला. कृष्णाजी खूश झाले आणि माळ पिशवीत टाकून विसरूनही गेले.

चंदन एवढंच म्हणत राहिला, की मी पाहिलं नाही. हर्षिता तर बोलेचना. दोघांच्याही तर्जनीवर दोऱ्याने कापल्याची बारीक चीर होती. मुलांनी आता कबूल करून टाकावं, असं कृष्णाजींना मनापासून वाटलं.

भगवंतरावांनी माळ काढली. चंदनला बाहेर पाठवून हर्षिताला एक मोळ मोजायला सांगितलं. तिने हात लावला, वर तीन बोटं ठेवली. मग ती बाहेर, चंदन आत. त्यानेही तेच केलं.

"कृष्णाजी, त्या तीन बोटांना पट्टी लावा."

पाच सेंटिमीटर भरले.

"पंचेचाळीस आणि पाच, पन्नास. नऊशेला भागा."

"अठरा," बाई पुटपुटल्या.

"त्या चिरा माळा बांधून पडल्यात. घरचा धंदा फुलांचा. वरची बोटं दिल्याशिवाय यांचा दोरा तुटत नाही, आणि हिशेब रोजचा तोंडी, मग पायऱ्या कुठून येणार? दोघांनी एकमेकांचं नाही, घरचं पाहून लिहिलं."

बाईंनी हर्षिताला आत बोलावून दोघांनाही जवळ घेतलं. "अगं, मग मला सांगितलं का नाहीस?"

"मिस, कोणाचं बघितलं ते विचारलंत," हर्षिता हळूच म्हणाली. "कसं काढलं ते नाही विचारलंत."

बाई खाली बसल्या, त्या दिवसात पहिल्यांदाच. त्यांनी खडू तिच्या हातात दिला.

"विचारते. कसं काढलंस?"