भुऱ्याच्या तोंडचा फेस

हवालदारानं बंदुकीत काडतूस घातलं तेव्हा कोंडू टांग्याच्या सीटवर पाय वर घेऊन बसला होता. खाली उतरायची त्याची छाती नव्हती. समोर चिंचेच्या बुंध्याला भुऱ्या बांधला होता आणि त्याच्या तोंडातून पांढरा फेस गळत होता.

मुरबाडच्या बाजारतळावर त्या संध्याकाळी कुत्र्यांचं प्रदर्शन होतं. मागल्या वैशाखात ते भर दुपारी भरवलं, तर तापलेल्या जमिनीनं कुत्र्यांचे पंजे भाजले. सगळ्यांच्या तोंडाला लाळेच्या तारा, निम्मी तर जीभ काढून आडवीच. म्हणून डॉक्टर सबनिसांनी, म्हणजे पेन्शनीत निघालेल्या ढोरांच्या डॉक्टरांनी, यंदा ठरवलं की ऊन कललं की सुरू करायचं आणि गॅसबत्त्या लावून उरकायचं. लोकांनी आधी टिंगल केली. पण बेत झकास जमला. जमीन निवली, वारा सुटला, कुत्री खुशीत शेपट्या हलवत उभी राहिली.

आणि तेवढ्यात भुऱ्याच्या तोंडाला फेस आला. मागल्या साली आला असता तर उन्हावर ढकलून मोकळे झाले असते. आता थंड वारा चाललेला. ऊन कुठून आणणार?

त्यात तो चावला. मालकिणीच्या थोरल्या दिरालाच चावला, चांगोला. "पिसाळला रे," अशी बोंब उठली आणि बाजारतळ अर्धा रिकामा झाला. पाणपोईवरच्या धोंडीबाईनं धावत जाऊन सगळ्या माठांवर फडकी टाकली. पिसाळलेलं कुत्रं चावलेल्या माणसानं पाण्यात तोंड बघितलं की तो भुंकायला लागतो, असं आमच्या तालुक्यात शेंबडं पोरही सांगेल. कोंडूच्या मामाला चावलं होतं तेव्हा तो पावसाळाभर विहिरीकडे फिरकला नव्हता. आंघोळसुद्धा डोळे मिटून करायचा.

डॉक्टरांनी लांब काठीनं पाण्याचं पसरट मातीचं परळ भुऱ्यापुढे सरकवलं. भुऱ्यानं नाक लावलं, शिंकला आणि तोंड फिरवलं. परत सरकवलं, परत तेच. परळ मागे ओढताना पाणी हिंदकळलं आणि काठाला पांढरी कड राहिली. भुऱ्या सारखा शिंकत होता आणि पंजानं तोंड घासत होता.

"फेस आहे, पाणी घेत नाही, माणसाला चावला," डॉक्टर कपाळ पुसत म्हणाले. "माझ्या हातात असतं तर मी बांधून ठेवून बघितलं असतं. पण या गर्दीपुढे मी कशाच्या जोरावर थांबा म्हणू?"

मामलेदारसाहेब जेवायला गेले होते. ते आले की हुकूम मिळणार आणि गोळी सुटणार.

भुऱ्याची मालकीण बाईजा, टोकावड्याच्या पल्याड डोंगराच्या पायथ्याला राहणारी. नवरा गेला तेव्हापासून एकटी. नाचणीचा एक तुकडा, चार शेळ्या आणि भुऱ्या. रात्री बिबट्या खोपटाभोवती घुटमळायचा, पण भुऱ्या असेपर्यंत त्यानं एक शेळी उचलली नव्हती. ती हवालदाराच्या पाया पडून झाली, डॉक्टरांच्या पडून झाली, मग टांग्याकडे येऊन कोंडूशेजारच्या माणसापुढे थांबली.

"देवरामदादा तुमीच ना? शहापूरवाले?"

देवराम विशे मुंबईला गिरणीच्या पहाऱ्यावर होता. तिथल्या चोऱ्या त्यानं अशा पकडल्या की शेवटी नोकरी सोडून स्वतःचाच तपासाचा धंदा काढला. कोंडू त्याचा आत्येभाऊ. टांगा कोंडूचा, डोकं देवरामचं, असं लोक म्हणायचे. कोंडूला त्याचा राग यायचा, पण उलट बोलायला वेळेवर काही सुचायचं नाही.

"माझा भुऱ्या गेला तर मला डोंगर सोडावा लागंल," बाईजा म्हणाली. "तो पिसाळला नाय, दादा. मला ठाव हाय."

"कशावरून?"

"मी आले तर शेपूट हलवतो. पिसाळलेला ओळख धरतो का?"

देवराम टांग्यातून उतरला. कोंडू म्हणाला की मी घोड्याकडे बघतो. देवराम म्हणाला की घोडा तुझ्यापेक्षा शहाणा आहे, चल. मग उतरावंच लागलं.

देवरामनं बाईजाला भलतंच विचारलं. कुत्र्याला न्हाऊ कशानं घातलंस? ती म्हणाली, नदीच्या पाण्यानं आणि मूठभर कोंड्यानं. रिठा लावत नाय, त्याच्या डोळ्यांना झोंबतो. परळ कुणाचं? तिचंच, घरून आणलेलं, दिवस मावळायच्या आधी भरून गाडीमागे ठेवलं होतं. भुऱ्याही तिथंच चाकाला बांधलेला. ती नंबराचा बिल्ला आणायला मांडवात गेली आणि मागून बोंब ऐकू आली. मग तिनंच भुऱ्याला चिंचेला आणून बांधलं, परळही तिथं नेलं. सगळी आली होती चांगोच्या गाडीतनं, दीर मोठ्या मनानं घेऊन आला होता.

गाडीमागे जाऊन देवराम कंदील घेऊन वाकला. माती ओली होती. चाकापाशी त्याला एक काळी गुळगुळीत बी सापडली, पोरं खेळतात तसली. त्यानं ती कोंडूच्या हातावर ठेवली.

"रिठ्याची," कोंडू म्हणाला. आणि मग एकदम डोकं पेटलं त्याचं. "अरे, कुंडलिक!"

शेणवे गावचा कुंडलिक मागल्या सालचा बक्षीसवाला. त्याचा काळ्या असा चकाकत होता की गॅसबत्ती त्याच्या अंगात दिसावी. आणि रिठ्याचा वास तर दहा हातांवरनं. कोंडू गुरगुरतच त्याच्यापाशी गेला. देवराम मागनं सावकाश.

कुंडलिकनं काही लपवलं नाही. बायकोनं दुपारी विहिरीवर काळ्याला रिठ्यानं घोळसून न्हाऊ घातलं, उरलेल्या पाण्याचं गाडगं बियांसकट त्यानं आपल्या गाडीखाली ठेवलं होतं, वेळ आलीच तर पुन्हा पंजे धुवायला. ते गाडगं आता तिथं नव्हतं. कुणी नेलं ठाऊक नाही. बोंब उठली तेव्हा तो कुठं होता? डॉक्टर म्हणाले, माझ्यासमोर. मी काळ्याचे दात बघत होतो, त्याच्या आधी रांगेतही तो माझ्या डोळ्यांपुढेच होता.

"मला तिच्या कुत्र्याला हरवायचं होतं," कुंडलिक तापून म्हणाला. "मेलेल्या कुत्र्याला हरवून मी गावात कुठल्या तोंडानं सांगू?"

कोंडूला ते पटलं, आणि पटल्याचा रागही आला. कारण मग उरलं कोण?

चांगो भज्यांच्या दुकानामागे, घोड्यांच्या हौदापाशी होता. हात फडक्यानं बांधलेला, फडक्यावर हळद. चांगला हौदावर ओणवा होऊन तो दुसऱ्या हातानं तोंडावर पाणी मारत होता, चुळा भरत होता. त्यांना बघून उठला आणि कण्हायला लागला. कोंडूला त्याची दया आली. बिचारा किती घामेजला होता.

"पाठीमागनं झडप घातली रे," चांगो सांगायला लागला. "मी आपला गाडीपासनं चाललो होतो, वाकडी नजर नाय केली त्याच्याकडे."

देवरामनं जखम बघायला मागितली. अंगठ्याच्या बुडाशी वरनं दातांच्या खुणा आणि तळव्याच्या बाजूनंही. चांगोनं लगेच फडकं गुंडाळलं.

"आता बाईजाचं काय?" देवरामनं विचारलं.

"काय म्हंजे? आमच्या घरात राहील. बाईमाणूस तिथं बिनकुत्र्याची कशी राहणार? जमीन मी कसंन. मी काय परका हाय?"

"सुया घ्यायला कधी जाणार? पोटात घेतात म्हणे."

"बघू पुढल्या बाजारी," चांगो म्हणाला. "हळद लावलीय ना."

परत येताना देवराम शीळ घालत होता. कोंडूला त्याची शीळ म्हणजे डोक्यात जायची. त्यानं विचारलं, काय कळलं? देवराम म्हणाला, तू जे बघितलंस तेच. कोंडूनं मनात त्याला दोन शिव्या घातल्या.

मामलेदारसाहेब आले. हवालदारानं सलाम ठोकला, बंदूक खांद्याला लावली. बाईजा भुऱ्यापुढे जाऊन उभी राहिली आणि हलेना.

"हवालदारसाहेब, एक तांब्या पाणी पिऊन होईपर्यंत थांबा," देवराम म्हणाला. "मी नाही, कुत्रा पिणार आहे."

लोक हसले, पण भीतीनं. देवरामनं चांगोला पुढे बोलवून घेतलं. मग काठी घेऊन त्यानं ते परळ गॅसबत्तीखाली ओढलं आणि काठीचं टोक पाण्यात टाकून रवीसारखं घुसळलं. पाणी फसफसलं. फेस चढत चढत काठावरनं खाली आला.

"डॉक्टर, पाणी पिसाळतं का?"

डॉक्टरांनी वाकून बोट लावलं, वास घेतला. "रिठा," ते म्हणाले आणि त्यांचा आवाजच बदलला.

"रिठा. तोंडात गेला की फेस येतो, नाकात गेला की शिंका येतात. आणि त्याच पाण्याचं परळ आपण पुढे करत होतो. भुऱ्या पाण्याला भ्याला नाही, त्या पाण्याला विटला. कोंडू, टांग्यातला तुझा तांब्या आण. आणि पाणी तूच दे."

कोंडूनं तांब्या आणला आणि चार हात लांबच थांबला. पण सगळं मुरबाड बघत होतं आणि बाईजाही बघत होती. त्यानं तांब्यातलं पाणी ओंजळीत ओतून पुढे केलं. भुऱ्यानं हुंगलं. मग ती खरबरीत जीभ कोंडूच्या ओंजळीत लपालप चालायला लागली. तांब्या संपला तरी तो हात चाटत होता.

हवालदारानं बंदूक खाली घेतली. गर्दीतनं असा काही सुस्कारा निघाला की गॅसबत्तीही हलली असेल.

"कुंडलिकचा रिठा," चांगो ओरडला. "त्यानंच घातला."

"रिठा त्याचा, हात त्याचा नाही. तो पूर्ण वेळ डॉक्टरांपुढे होता. चांगोभाऊ, तुम्ही म्हणालात मागनं झडप घातली. मग हात कसा चावला, तोही अंगठ्याच्या वरनं आणि खालनं? मागनं चावणारं कुत्रं पोटरी धरतं. तुमचा हात त्याच्या जबड्यात होता. परळात रिठा ओतलात, तो प्यायला नाही, म्हणून जबडा धरून तोंडात घातलात. तुम्ही घरचे, म्हणून त्यानं जवळ येऊ दिलं. गाडगं घाईत सांडलं, चाकापाशी बी राहिली."

"मी कशाला? मला चावला ना तो."

"तेच तर," देवराम म्हणाला. "पिसाळलेलं कुत्रं चावलं म्हणून धोंडीबाईनं माठ झाकले, अर्धा बाजारतळ रिकामा झाला. आणि ज्याला चावलं तो हौदात वाकून मजेत तोंड धुतो. सुया पुढल्या बाजारी घेणार म्हणतो. या तालुक्यात जन्मलेला माणूस पाण्यात तोंड बघायला कधी घाबरत नाही? कुत्रा पिसाळलेला नाही हे पक्कं ठाऊक असेल तेव्हाच. आणि ते इथं एकालाच ठाऊक होतं."

कोंडूच्या डोळ्यांपुढे मामा आला, डोळे मिटून आंघोळ करणारा. आपणच बघितलं होतं सगळं. बघून वर दया केली होती.

चांगो बाईजाकडे बघायला लागला, तिच्याकडनं काही मिळतंय का म्हणून. ती बोलली ते हळू, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"तुकडाच पायजे होता तर मागायचा होता, भावजी. नाय म्हनले असते, पण भुऱ्याच्या तोंडात हात घालावा लागला नसता."

मामलेदारांनी हवालदाराला सांगितलं की याचा जबाब घ्या आणि उद्या कचेरीत हजर करा. डॉक्टरांनी स्वतः भुऱ्याचं तोंड धुतलं. खात्रीसाठी थोडे दिवस बांधून ठेव म्हणाले, पण म्हणताना हसत होते. धोंडीबाईनं माठांवरची फडकी काढली आणि पहिला पेला भरून बाईजाला दिला.

प्रदर्शन पुढे झालं. बक्षीस काळ्यालाच मिळालं. भुऱ्याचे डोळे लाल आणि नाक ओलं, त्याला कोण देणार? कुंडलिकनं मात्र पेढ्यातला अर्धा भुऱ्यापुढे टाकला. तो म्हणाला, पुढल्या साली नीट हरव.

बाईजाला टोकावड्याला सोडायचं कोंडूनं आपणहून कबूल केलं. भुऱ्या टांग्यात चढला आणि थेट कोंडूच्या पायांवर बसला. कोंडूनं पाय वर घेतले नाहीत.

टांगा निघणार तेवढ्यात जबाब देऊन सुटलेला चांगो खालमानेनं आला. त्याच्या गाडीचे बैल गावकरी रागानं सोडून घेऊन गेले होते आणि कुणी त्याला बसवून घेत नव्हतं. टोकावड्यापर्यंत जागा आहे का, त्यानं विचारलं.

देवरामनं तोंड उघडलं, पण या वेळी कोंडूला वेळेवर सुचलं.

"जागा हाय की," तो म्हणाला. "पण आधी भुऱ्याला विचार."

भुऱ्यानं नुसती मान वर केली. चांगो चालायला लागला.